शुभाचा खरा पत्ता

मला सल्ला द्यायची खोड आहे. कुणी मागितला नाही तरी मी देते, आणि दिलेला कुणी ऐकला नाही तर मनातून रागावते. अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळात कुणाला घर घ्यायचं असो, मुलाला पियानो लावायचा असो, की भारतातून येणाऱ्या आईवडिलांचा विमा काढायचा असो, माणसं मला फोन करतात आणि मी त्यांना मार्गी लावते. आजवरचे बहुतेक सल्ले बरे निघाले. एक फसला, आणि तो मी शुभाला दिला होता. त्यामुळे शुभाबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागणार, त्याला इलाज नाही.

शुभा बारबोले मूळची बार्शीची. आमच्या शेजारच्या एल्डर क्रीक गावातल्या हायस्कूलच्या कॅफेटेरियात ती मुलांना जेवण वाढते. डोक्यावर जाळी, हातात मोजे, अंगावर निळा एप्रन. गंमत म्हणजे तिला स्वयंपाकाचा मनस्वी कंटाळा आहे. घरी तिचा नवरा प्रल्हाद स्वयंपाक करतो आणि तो छान करतो. "मी अन्नासाठी नाही गेले तिथे, माणसांसाठी गेले," असं ती सांगते. ग्रीन कार्ड येईपर्यंत तिला नोकरी करायची परवानगी नव्हती, तेवढी वर्षं तिने घराच्या चार भिंतींत काढली. कार्ड आलं आणि चारच महिन्यांनी प्रल्हादची आयटीतली नोकरी गेली. तो पन्नाशीला टेकलेला. बरेच इंटरव्ह्यू झाले, शेवटी हार्डवेअरच्या एका मोठ्या दुकानात रंगांच्या विभागात लागला तो तिथेच राहिला. शुभाला हायवेवर गाडी चालवायची धास्ती. घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे ही शाळा.

तिथे तिच्या एका जुन्या विद्येचा उपयोग झाला. तिच्या वडिलांचं बार्शीला एसटीडी बूथ होतं. कॉलेजात असताना ती तिथे बसायची आणि गावातले निम्मे फोन नंबर तिला पाठ असायचे. इथे प्रत्येक मुलाला जेवण घेताना कीपॅडवर आपला सहा आकडी नंबर टाकावा लागतो. साडेआठशे मुलं. कुणी नंबर विसरलं की रांग अडते. शुभाच्या रांगेत ती कधी अडत नाही, कारण मुलाच्या आधी तिला आठवतो. कोण धाकट्या भावासाठी सफरचंद खिशात टाकतं, कोण दूध घेतं आणि न पिता ठेवून देतं, हेही तिला ठाऊक असतं. यातलं काही ती कुणाला सांगत नाही. मला सांगते, कारण मी खोदून विचारते.

आमची ओळख अपार्टमेंटच्या लाँड्री रूममधली. तेव्हा आम्हीही एल्डर क्रीकला त्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायचो. मग आमचा यशोधन सातवीत गेला आणि आम्ही ओढ्यापलीकडे नॉर्थ रिजला घर घेतलं. का, हे आमच्या लोकांना सांगावं लागत नाही. घर ज्या हद्दीत त्याच हद्दीची सरकारी शाळा मिळते, म्हणून आमच्यात घर बघायच्या आधी शाळेचा आकडा बघतात. वेबसाइटवर प्रत्येक शाळेला दहापैकी गुण दिलेले असतात. नॉर्थ रिजच्या शाळेला नऊ होते, एल्डर क्रीकच्या शाळेला चार. मधे एक ओढा, त्यावर छोटा पूल, आणि पुलाच्या अलीकडच्या-पलीकडच्या घरांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. आम्ही पूल ओलांडला. बारबोल्यांना तो परवडणारा नव्हता.

त्यांची रुही आठवी पास झाली त्या उन्हाळ्यात मी शुभाला माझ्या स्वयंपाकघरात बसवलं आणि म्हटलं, "रुहीला त्या चार गुणांच्या शाळेत घालायचं नाही. माझा पत्ता दे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही माझ्या घरात बेसमेंटला भाड्याने राहता. मी तसं पत्र देते. अगं, सगळे करतात."

सगळे करत नाहीत. पण दोनचार जणांनी केलेलं मला माहीत होतं, आणि तेवढं मला पुरेसं वाटलं. शुभा म्हणाली, "ताई, तिथली मुलं चांगली आहेत हो. मी रोज बघते ना."

"तू त्यांना जेवताना बघतेस. शिकताना बघतेस का?"

हे मी बोलले. आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते. प्रल्हादला हे कळलं तेव्हा त्याने एकदाच तोंड उघडलं, "खोटा पत्ता दिला की तो कायम लक्षात ठेवावा लागतो, देवयानीताई." मी हसून म्हटलं की शुभाच्या मुलीला एक पत्ता पाठ करणं काय जड आहे. आणि खरंच, मी रुहीला समोर उभं करून माझा पत्ता पाठ करून घेतला. घर नंबर, रस्ता, गाव, झिप कोड. चौदा वर्षांची पोर, खालमानेने म्हणत होती. चुकली की मी पुन्हा म्हणायला लावत होते. शुभा टेबलाच्या कडेला बसून ऐकत होती.

त्याच ऑगस्टमध्ये यशोधन दूरच्या युनिव्हर्सिटीत गेला. घर रिकामं झालं. रुही रोज सकाळी प्रल्हादच्या गाडीतून माझ्या दारात उतरायची आणि तिथून शाळेच्या बसने जायची, कारण बसचा थांबा माझ्या पत्त्याचा होता. दुपारी माझ्याच घरी यायची, यशोधनच्या टेबलावर अभ्यास करायची. शाळेतल्या मैत्रिणी प्रोजेक्टसाठी आल्या तर माझ्याकडेच यायच्या, आणि त्यांच्या लेखी ते रुहीचं घर असायचं. तिच्या स्वतःच्या घरी त्यांतली एकही कधी गेली नाही. हे सगळं मला जाचक वाटायला हवं होतं. मला ते आवडत होतं, हे कबूल केलेलं बरं. नवरा अवधूत एकदा म्हणाला, "तू शुभाला मदत करतेयस की स्वतःला?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

शुभा मात्र रोज सकाळी त्या चार गुणांच्या शाळेत जात होती. दुसऱ्यांच्या मुलांना वाढत होती, त्यांचे नंबर पाठ करत होती, आणि स्वतःच्या मुलीला तिथून लांब ठेवत होती. तिला काय वाटत असेल हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मग एल्डर क्रीकने एक गोष्ट केली. गावच्या कौन्सिलने ठराव आणला, लोकांनी मत दिलं, आणि घरपट्टीतला थोडा हिस्सा बाजूला काढायचं ठरलं: गावात राहणाऱ्या आणि गावच्या हायस्कूलमधून पास होणाऱ्या प्रत्येक मुलाला गावच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं फी नाही. मार्कांची अट नाही, घरात किती पैसा आहे याची चौकशी नाही. आमच्या मंडळात ही बातमी आली आणि गेली. कम्युनिटी कॉलेज म्हणजे युनिव्हर्सिटी न परवडणाऱ्यांचं दोन वर्षांचं कॉलेज; त्याचं नाव काढलं की आमच्यात आवाज खाली येतो, एखाद्या दुखण्याचं नाव घ्यावं तसा. मीही नाक मुरडलं. फुकट मिळतं ते काय दर्जाचं असणार, असं मी फराळाच्या टेबलावर चारचौघांत बोलले होते आणि शुभा तिथेच बशी धरून उभी होती.

या ठरावाचं मोठं पोस्टर कॅफेटेरियात लागलं, बरोबर शुभाच्या काउंटरसमोरच्या भिंतीवर. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत ते तिच्या डोळ्यांसमोर असायचं. वर्ष झालं, दीड वर्ष झालं. रुही बारावीत आली. तिला नर्स व्हायचं होतं, आणि गावच्या त्या कॉलेजात नर्सिंगचा चांगला कोर्स होता. युनिव्हर्सिट्यांचे आकडे बघून प्रल्हाद रात्रीचं जेवण टाकून उठायला लागला होता. त्या दोघांची मिळकत मदत मिळण्यापेक्षा जास्त आणि फी भरण्यापेक्षा कमी, अशी मधेच लटकलेली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शुभा माझ्याकडे आली. तिने पोस्टरचा फोटो फोनमध्ये काढून आणला होता.

"ताई, हे रोज वाचते मी. रुहीला विचारलं, ती पण हो म्हणाली. फॉर्म भरायला मदत करता?"

फॉर्म भरणं हा माझा प्रांत. मी चहा टाकला, लॅपटॉप उघडला, नियमांचं पान काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले. गावात किमान एक वर्ष वास्तव्य. बारावीचं शेवटचं सत्र गावच्या हायस्कूलमध्ये पूर्ण. डिप्लोमा, म्हणजे बारावी पास झाल्याचा दाखला, गावच्या हायस्कूलचा. तिसऱ्या ओळीशी माझा आवाज थांबला. शुभा माझ्याकडे बघत होती. तिला कळायला क्षणभर लागला, मला त्याहून कमी.

रुही जन्मात कधी नॉर्थ रिजमध्ये राहिली नव्हती, आणि तरी कागदावर ती नॉर्थ रिजची होती. एल्डर क्रीकमध्ये बारा वर्षं राहिलेली मुलगी एल्डर क्रीकच्या एकमेव चांगल्या योजनेच्या बाहेर उभी होती, आणि तिला तिथे मी उभं केलं होतं. शुभाने चहाचे कप उचलले, विसळले आणि उपडे घातले.

दोन दिवसांनी आम्ही कॉलेजच्या ऑफिसात गेलो. मिसेस ऑर्टेगा नावाच्या बाई होत्या, साठीच्या, गळ्यात साखळीला चष्मा. शुभाने अडखळत, पण काहीही न लपवता सगळं सांगितलं. मला मधे बोलूच दिलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या की मार्ग आहे, एकच. रुहीने जानेवारीत एल्डर क्रीकच्या शाळेत बदली घ्यायची आणि शेवटचं सत्र तिथे करायचं. बदली सोपी. पण गेलं वर्षभर गावात राहिल्याचा पुरावा द्यावा लागेल. अपार्टमेंटचा करार चालेल, मात्र शाळेच्या नोंदीत दुसरा पत्ता दिसतोय. तेव्हा त्या घराच्या मालकाने लेखी द्यायला हवं की हे कुटुंब इथे कधीच राहत नव्हतं.

घराची मालक मी. म्हणजे माझ्या सहीचं एक पत्र माझ्याच सहीच्या दुसऱ्या पत्राने खोटं ठरवायचं होतं.

बाहेर पार्किंगमध्ये शुभा म्हणाली, "ताई, तुमचं नाव येणार त्यात. तुम्ही नको म्हणालात तर मी पुढे नाही जाणार. रुहीलाही काही सांगणार नाही."

मी म्हटलं, "बघू." एवढंच. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना तडकाफडकी सल्ले दिले तिला स्वतःवर वेळ आली तेव्हा हा एक शब्द सुचला.

आठ दिवस मी त्या शब्दामागे लपून बसले. नॉर्थ रिजच्या शाळेच्या पालक समितीवर मी अजून होते, देणग्या गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. तिथल्या बायका काय म्हणतील, मंडळात काय पसरेल, हे सारखं डोक्यात. अवधूतने वकिलाला विचारावं असं सुचवलं. पहिलं सत्र संपायला दोन आठवडे राहिले होते. शुभाचा एकही फोन आला नाही. तिने रागावून फोन केला असता तर मला सोपं गेलं असतं.

नवव्या दिवशी मला तोडगा सापडला, किंवा तसं वाटलं. मी सरळ एल्डर क्रीकच्या शाळेत गेले, दारात नाव लिहिलं, छातीवर पाहुण्याचं स्टिकर लावलं आणि कॅफेटेरियात जाऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जेवणाची सुट्टी व्हायची होती.

घंटा झाली आणि मुलं आली. शुभा काउंटरमागे होती. मी तिला आजवर मंडळाच्या कार्यक्रमात कोपऱ्यात उभी राहिलेली बघितली होती. इथे ती मोठ्याने बोलत होती. अर्धं इंग्रजी, अर्धं स्पॅनिश, अधूनमधून एखादा मराठी शब्द, आणि मुलांना तोही कळत होता. "फळ घे, फळ घ्यावंच लागतं," हे ती सगळ्यांना म्हणत होती, कारण ट्रेमध्ये फळ किंवा भाजी नसेल तर ते सरकारी हिशेबात जेवण धरलं जात नाही. एक उंच मुलगा कीपॅडशी थबकला, तिने मान वर न करता त्याचा नंबर सांगितला. चार गुणांची शाळा मी पहिल्यांदाच बघत होते. मुलं मुलांसारखीच होती.

गर्दी ओसरल्यावर ती मोजे काढून माझ्यासमोर बसली. मी म्हटलं, "शुभा, मी विचार केलाय. दोन वर्षांची फी मी भरते. चूक माझी आहे. शाळा बदलायला नको, पत्र नको, कुणाला काही कळायला नको."

तिने एप्रनला हात पुसले.

"ताई, मी लागले तेव्हा इथे अर्ध्या मुलांना जेवण फुकट होतं, अर्ध्यांना पैसे पडायचे. फुकटवाली मुलं रांगेत शेवटी यायची. सगळे गेले की मग. काही तर यायचीच नाहीत, उपाशी राहायची. मग तीन वर्षांपूर्वी सगळ्यांनाच फुकट केलं. दुसऱ्या दिवसापासून कोण कुठे उभं राहतं ते ओळखूच येईना." ती भिंतीवरच्या पोस्टरकडे बघून म्हणाली, "गावाकडून घेतलं तर रुही सगळ्यांबरोबर रांगेत असेल. तुमच्याकडून घेतलं तर शेवटी उभी राहील. तुम्ही चांगल्याच आहात, पण उभी ती शेवटीच राहील."

मला तिचा राग आला, मग माझा आला, आणि मग रडू आलं. जेवणाच्या लांबलचक टेबलाशी, छातीवर स्टिकर लावून, मी रडले. शुभाने मला एक दुधाचं छोटं खोकं आणून दिलं. तिला दुसरं काही सुचलं नसावं.

त्याच संध्याकाळी आम्ही रुहीला सांगितलं. माझ्याच घरी, यशोधनच्या खोलीत. ती पुस्तक मिटून ऐकत राहिली.

"सो लेट मी गेट धिस स्ट्रेट," ती म्हणाली. "चार वर्षं तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत. आणि आता शाळा मी बदलायची? लास्ट सेमिस्टरला? माझे सगळे फ्रेंड्स इथे आहेत. हाउ इज दॅट फेअर, आई?"

"नाहीच आहे फेअर," शुभा म्हणाली. "चूक आमची आणि त्रास तुला. तुला नको असेल तर नको. तू दोन दिवस विचार कर, आणि तू सांगशील तसं."

मी तोंड उघडणार होते. शुभाने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी ते मिटलं.

दोन दिवसांनी रुहीने आईला सांगितलं, "फाइन. आय विल डू इट." त्या दोन दिवसांत तिच्या मनात काय चाललं हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

पत्र मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून लिहिलं, पहिलं लिहिलं होतं तिथेच. चार ओळी. बारबोले कुटुंब माझ्या घरी कधीही राहत नव्हतं. आधीचं पत्र मी लिहिलं होतं आणि ते खरं नव्हतं. त्याची एक प्रत नॉर्थ रिजच्या शाळेत द्यायला आम्ही दोघी गेलो. उपमुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं आणि ही कल्पना कोणाची असं विचारलं. शुभा पटकन म्हणाली, "माझी." मी म्हटलं, "नाही, माझी. ही तर नको म्हणत होती." पुढे शाळेने मला कडक शब्दांत पत्र पाठवलं आणि पालक समितीतून मोकळं केलं. मंडळात कुजबुज झाली. दोनतीन जणींनी सल्ल्यासाठी फोन करणं थांबवलं. जितकं वाईट वाटेल असं वाटलं होतं तितकं वाटलं नाही.

जानेवारीत रुही आईच्या शाळेत गेली. पहिले सात दिवस ती कॅफेटेरियात फिरकली नाही. प्रल्हाद डबा द्यायचा, तो ती लॉकरशी जमिनीवर बसून एकटी खायची. शुभा काउंटरमागून दाराकडे बघत राहायची आणि संध्याकाळी फोनवर मला म्हणायची, "आज पण नाही आली." मी काहीतरी समजुतीचं बोलायचे आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहायचे. यशोधनची खोली आता दुपारीही बंद असायची.

आठव्या दिवशी प्रल्हादची पहाटेची पाळी होती आणि बाहेर बर्फ पडत होतं. डबा झाला नाही. रुही रांगेत आली. शुभाने मला ते सगळं सविस्तर सांगितलं. रुहीच्या पुढे सहा जण होते. शुभाला वाटलं हाक मारावी, मग वाटलं नको. रुही समोर आल्यावर तिने सगळ्यांना विचारते तसंच विचारलं, "नंबर?" रुहीने आपला नवा नंबर टाकला, एकही आकडा न चुकता. ट्रे घेऊन ती पुढे निघाली, तशी शुभा म्हणाली, "फळ घ्यावं लागतं." मागच्या मुलाने रुहीला सांगितलं, "घेच. मिस शुभा सोडणार नाही." रुहीने एक सफरचंद उचललं आणि त्या मुलाला म्हणाली, "आय नो. घरी पण सोडत नाही."

एवढंच झालं. शुभा मला हे सांगताना तीनदा थांबली.

मे महिन्यात कॉलेजच्या ऑफिसात नावनोंदणी होती. शुभाने मलाही बोलावलं. "फॉर्म भरायचाय, तुम्ही नकोत का?" असं म्हणाली. मी तिघांसोबत गेले, पण पेनाला हात लावायचा नाही असं ठरवून गेले. मिसेस ऑर्टेगांनी शाळेकडून आलेले कागद तपासले, मान डोलावली आणि रुहीच्या पुढे एक छापील फॉर्म सरकवला.

रुही भराभर लिहायला लागली. नाव, जन्मतारीख, शाळा. शाळेच्या रकान्यात तिने एल्डर क्रीक हायस्कूल लिहिलं, ठळक अक्षरात. प्रल्हाद तिच्या खांद्यावरून बघत होता. मी समोर बसले होते, त्यामुळे मला अक्षरं उलटी दिसत होती. तरी पुढची ओळ मी ओळखली. घर नंबर, रस्ता, गाव, झिप कोड. न थांबता, न विचार करता, चार वर्षं प्रत्येक शाळेच्या कागदावर लिहिला तसा रुहीने माझा पत्ता लिहिला होता.

शुभाने त्या ओळीवर बोट ठेवलं. रुही थांबली. तिने लिहिलेलं वाचलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"ओह माय गॉड," ती हळूच म्हणाली. "आय डिडन्ट ईव्हन थिंक."

मला माझ्या स्वयंपाकघरात उभी असलेली चौदा वर्षांची खालमानेची रुही दिसली, आणि तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावणारी मी दिसले. मी तिला इतकं पक्कं शिकवलं होतं की तिचं स्वतःचं घर तिच्या हाताला आठवत नव्हतं.

मिसेस ऑर्टेगांनी कोरा फॉर्म पुढे केला. "टेक युवर टाइम," त्या म्हणाल्या.

रुहीने पुन्हा सुरुवात केली, या वेळी सावकाश. पत्त्याच्या ओळीशी येऊन ती क्षणभर थांबली आणि मग आपल्या अपार्टमेंटचा नंबर लिहिला. पुढच्या रकान्यात विचारलं होतं, या पत्त्यावर किती वर्षं. तिने आईकडे बघितलं.

"बारा," शुभा म्हणाली. मिसेस ऑर्टेगांनी विचारलं नव्हतं तरी त्यांच्याकडे वळून ती इंग्रजीत पुन्हा म्हणाली, "ट्वेल्व्ह इयर्स. सेम हाउस."

रुहीने सही केली. निघताना टेबलावर आधीचा बिघडलेला फॉर्म राहिला होता. तिने तो उचलला, कचऱ्याच्या डब्याकडे बघितलं, आणि मग नीट चार घड्या घालून माझ्या हातात दिला.

"काकू, हा तुमचा," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. मी तो पर्समध्ये ठेवला, आणि तिच्या आईच्या मागून बाहेर पडले.